बावीस डेसिबलचं घर

यंत्र सोमवारी सकाळी साडेदहाला आलं. सोबत एकटा मोजणीवाला होता, तरी स्टेनोकाकांनी चहा तीन कप टाकला. किती महिन्यांनी घरात कुणी येणार होतं, उगाच कमी पडायला नको. मोजणीवाल्याने समोरच्या खोलीत खिडकीपाशी तीन पायांचा स्टँड रोवला, त्यावर यंत्र बसवलं आणि त्याच्या डोक्यावर स्पंजची काळी टोपी चढवली. यंत्राच्या पोटात एक हिरवा दिवा लागला.

"हे काय काय मोजतं?" काकांनी चहा पुढे करत विचारलं.

"फक्त आवाज. तुमच्या मागच्या मैदानावर बस आगार व्हायचंय ना, त्याच्या आधी कायद्याने बघावं लागतं की आत्ता तिथं काय आहे. धूळ किती, पाखरं किती, आवाज किती. आवाज सगळ्यात जवळच्या घरात मोजायचा. तुमचं शेवटचं घर, नंबर सतरा."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. सात दिवस नेहमीसारखं राहायचं. मोठा आवाज झाला तर या कागदावर वेळ आणि कारण लिहायचं. आवाज नेहमीचा की नैमित्तिक, त्यावर खूण करायची. शेवटी सही."

मोजणीवाल्याने सगळं नीट सांगितलं होतं. पण कुणाला सांगतोय, हे त्याला माहीत नव्हतं. स्टेनोकाका चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार रडायचे, वकील ओरडायचे, न्यायाधीश खेकसायचे आणि काका खाली मान घालून लिहायचे. एवढ्या वर्षांत भर कोर्टात ते एकदाच बोलले होते, "पंखा बंद करू का?" आणि तेही नोंदलं गेलं नाही, कारण नोंदवणारे तेच होते. नोंद चालू असताना आवाज करायचा नाही, ही गोष्ट त्यांच्या हाडीमाशी भिनली होती.

त्यामुळे मोजणीवाल्याची पाठ वळताच काकांनी भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. रेडिओची वायर काढून ठेवली. कुकरला सुट्टी देऊन भात पातेल्यात शिजवला. ताटलीखाली टॉवेल अंथरला आणि चपला दाराबाहेर ठेवून ते घरात पायमोज्यांवर हिंडू लागले. खोकला आला की ते मोरीत जात, दार लावत, नळ बंद असल्याची खात्री करत आणि मग खोकत. तसं त्यांचं घर एरवीही काही गजबजलेलं नव्हतं. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात होती आणि गल्लीशी त्यांचा संबंध मान हलवण्यापुरता होता. पण आता त्यांनी उरलासुरला आवाजही पुसून काढला.

रविवारी मुलीचा फोन आला. हा फोन दर रविवारी यायचा आणि चार मिनिटं चालायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, इकडे थंडी आहे, तिकडे कसं आहे, ठेवू का. त्या दिवशी काकांनी फोन घेतला तो पलंगावर पांघरुणात शिरून.

"बाबा, आवाज असा का येतोय? कुठे आहात?"

"पांघरुणात."

"बरं नाही का?"

"बरं आहे गं. यंत्र ऐकतंय."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

"बाबा," मुलीने अगदी मऊ आवाजात विचारलं, "कधीपासून ऐकतंय?"

"सोमवारपासून. सरकारने ठेवलंय."

बापाला भास होऊ लागले, असंच मुलीला वाटलं. ती खोदून खोदून विचारत राहिली, काका कुजबुजत उत्तरं देत राहिले आणि सगळा उलगडा होईपर्यंत एकोणीस मिनिटं झाली. फोन ठेवल्यावर काका पांघरुणातच बसून राहिले. एकोणीस मिनिटं ती त्यांच्याशी शेवटची कधी बोलली होती, हे त्यांना आठवेना. आठवलं तेव्हा तो दिवस बायकोच्या तेराव्याच्या आसपासचा निघाला.

सात दिवसांच्या कागदावर त्यांनी एकच नोंद केली होती. मंगळवार, दुपारी तीन दहा. शिंक. नैमित्तिक.

जनसुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. अख्खी गल्ली आली होती, कारण आगार व्हावं म्हणून गल्ली बारा वर्षं अर्ज करत होती. सध्याचा बसथांबा पंचवीस मिनिटांवर होता. शिवणवाली ताई कपड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन तिथपर्यंत जायची आणि दर आठवड्याला तेवढ्यापुरती सरकारच्या सात पिढ्यांची उजळणी करायची. मंचावरचे साहेब अहवाल वाचू लागले. धूळ ठीक. पाखरं ठीक. मग ते थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"घर क्रमांक सतरा. सरासरी आवाज बावीस डेसिबल. घरात मनुष्यवस्तीची चिन्हे आढळली नाहीत."

तिसऱ्या रांगेत बसलेले काका हे ऐकत होते. कोर्टात त्यांनी माणसाला चोर, लबाड, खुनी ठरवलेलं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पण कुणाला नसलेला ठरवल्याचं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. त्यांना हात वर करून 'मी आहे' म्हणावंसं वाटलं. सवयीने ते गप्प राहिले.

"बावीस?" हेडबाईंनी विचारलं. या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. हॉल आपलाच असल्यासारख्या त्या उभ्या राहिल्या. "बावीस चांगलं की वाईट?"

"बाई, ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत पंचवीस असतं," मोजणीवाला म्हणाला. "मी यंत्र दोनदा तपासलं."

"मग आता?"

साहेबांनी नियम सांगितला. सगळ्यात जवळच्या घरात आज जेवढा आवाज आहे, त्यापेक्षा दहा डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. आगारामुळे आवाज होणार बावन्न. गल्लीत सगळीकडे आज पंचेचाळीस आहे, तेवढा सतरा नंबरमध्ये असता तर प्रश्नच नव्हता. "काही देशांत शेवटी किती आवाज होणार एवढंच बघतात," साहेब हळहळत म्हणाले. "आधी तिथं बाजार होता की स्मशान, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. आपल्याकडे आधीचं बघतात. त्यामुळे आगार मंजूर करता येणार नाही."

दीडशे माना एकदम तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

"काका," शिवणवाली ताई म्हणाली, "तुम्ही घरात श्वास घेता की नाही?"

फेरमोजणी मागण्याची सोय होती. ती मागितली गेली आणि त्याच संध्याकाळी काकांच्या दाराशी शिवणवाली ताई, हेडबाई आणि कोपऱ्यावरचे सुतारमिस्त्री हजर झाले. तिघंही आयुष्यात पहिल्यांदाच या घराचा उंबरा ओलांडत होते. हेडबाईंनी पट्टीने आखलेलं वेळापत्रक पिशवीतून काढून भिंतीला चिकटवलं. सकाळी नऊ ते बारा, शिवणयंत्र. बारा ते दोन, दरवाजांना रंधा मारणे. दोन ते चार, वर्तमानपत्राचे प्रकट वाचन व त्यावर वाद. पाच वाजता चहा, सर्वांनी.

"वाद कोण घालणार?" काकांनी विचारलं.

"त्याची काळजी नको," मिस्त्री म्हणाले. "बाई वाचायला लागल्या की आपोआप होतो."

दुसरा आठवडा असा सुरू झाला. शिवणयंत्र धडधडू लागलं, मिस्त्रींच्या रंध्याखालून लाकडाच्या सालींचा ढीग खोलीभर पसरला आणि हेडबाई अग्रलेख अशा वाचू लागल्या की तो लिहिणाऱ्यालाही उठून उभं राहावंसं वाटलं असतं. गल्लीतली आणखी पाचसहा माणसं आपापला आवाज घेऊन आली. एकाने नादुरुस्त मिक्सर आणला. एक आजी नुसत्या घोरायला यायच्या आणि आपली पाळी चोख बजावून जायच्या. काका सुरुवातीला स्वयंपाकघराच्या दारात अंग चोरून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हेडबाईंचं एक वाक्य खोडून काढलं. चौथ्या दिवशी ते चक्क ओरडले आणि ओरडल्यावर दोन्ही हातांनी तोंड दाबून यंत्राकडे बघत राहिले.

"अहो ओरडा, ओरडा!" मिस्त्री म्हणाले. "आपल्याच फायद्याचं आहे."

काकांचा माठ पाच वर्षांत प्रथमच दिवसातून दोनदा भरावा लागू लागला. कपाटातले लग्नात आलेले कप बाहेर निघाले. रात्री आठला सगळे आपापल्या घरी गेले की काका खोली झाडत आणि झाडता झाडता उद्याचं वेळापत्रक पुन्हा एकदा वाचत. त्यांना आनंद होत होता आणि या आनंदाला रविवारची मुदत आहे, हेही त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मुलगी आता दिवसाआड फोन करत होती. तिला या प्रकरणाने झपाटलं होतं. निरनिराळ्या देशांतले कायदे ती वाचून काढायची आणि बापाला ऐकवायची. "बाबा, इथे एका आठवड्याचं माप चालतच नाही. चारही ऋतूंत मोजावं लागतं." कधी म्हणायची, "एका देशात अहवाल साध्या माणसाला कळेल अशा भाषेत नसेल तर परत पाठवतात. आणि बाबा, बऱ्याच ठिकाणी पर्याय लिहिल्याशिवाय पुढेच जात नाहीत. दुसरीकडे बांधलं तर काय, वेगळं बांधलं तर काय. आणि काहीच केलं नाही तर काय, हेही लिहावं लागतं."

"काहीच केलं नाही तर काय होणार? आहे तसंच राहणार."

"तेच. ते तसंच राहिलेलं कसं असेल, याचं वर्णन करावं लागतं."

काकांना हे वाक्य फार लागलं.

"पण बाबा, एक सांगते," मुलगी म्हणाली, "ठरवून केलेला आवाज कुठेच चालत नाही. नेहमीची परिस्थिती हवी, हे सगळीकडे सारखं आहे. तुम्ही सही नाही ना केलीत?"

सही सोमवारी होती. मोजणीवाला आला, त्याने आकडा वाचला. एकसष्ट. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मग त्याने कागद पुढे केला. वरील सात दिवस घरातील परिस्थिती नेहमीची होती, असे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो.

काकांनी पेन उघडलं. हे वाक्य त्यांनी लोकांच्या तोंडचं हजारो वेळा लिहून घेतलं होतं आणि ते खोटं बोलणाऱ्यांचे चेहरे उलटतपासणीत कसे उतरतात, तेही पाहिलं होतं. पेन कागदाला टेकेना.

"नेहमीची नव्हती," काका म्हणाले.

"काका, एक सही!" शिवणवाली ताईचा आवाज चढला. "माझ्या डोक्यावरचे गठ्ठे आठवा."

"आठवतात हो. पण हे खोटं आहे. एरवी माझ्याकडे कुणीच येत नाही."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मोजणीवाल्याने घसा साफ केला. "मग पहिल्या आठवड्याचं तरी नेहमीचं होतं का?"

काकांना टॉवेल आठवला, बंद घड्याळ आठवलं, पांघरूण आठवलं. "तेही नाही. यंत्राला त्रास नको म्हणून मी जरा जास्तच गप्प होतो."

मोजणीवाल्याने दोन्ही कागद टराटरा फाडले नाहीत, एवढाच त्याचा सरकारी संयम. आता शेवटची मोजणी, पूर्ण चौदा दिवस, असं त्याने जाहीर केलं. कुणी मुद्दाम एक थाळी जरी आपटली, तरी अर्ज कायमचा बाद. तशी सूचना त्याने दारावर चिकटवली. शिवणवाली ताईने आपलं शिवणयंत्र उचललं. जाताना ती म्हणाली, "बसा आता प्रतिज्ञा कुरवाळत." बाकीचे काही न बोलता गेले, ते जास्त वाईट होतं.

काकांनी आता खरोखर नेहमीसारखं राहायचं ठरवलं आणि इथे नवीन पंचाईत झाली. नेहमीचं म्हणजे कसं, हेच त्यांना आठवेना. कप ठेवताना ते किती आवाज करत? रेडिओ किती मोठा लावत? ते स्वतःशी बोलत का? त्यांनी एक कप सात वेळा ठेवून पाहिला आणि सातही वेळा तो दुसऱ्याच कुणीतरी ठेवल्यासारखा वाटला. शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, मी घरात एरवी किती आवाज करतो?"

तिने आठवून पाहिलं. मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, मला नाही माहीत हो."

काकांना रडू आलं आणि तिलाही आलं असावं. ते ऐकायला यंत्र होतं, पण त्याला ते कळण्यासारखं नव्हतं. नंतर बराच वेळ ती मैदानाबद्दल विचारत राहिली. मैदान केवढं आहे, रस्ता कुठून येतो, बसची दुरुस्ती कुठल्या टोकाला होणार.

त्या बोलण्यातून काकांना सुचलं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी साहेबांना पत्राने कळवलं. आगार उलटं फिरवा. दुरुस्तीची शेड आणि बसचं फाटक पलीकडच्या टोकाला न्या, तिथे गोदामांची बिनखिडक्यांची भिंत आहे, ऐकायला कुणी नाही. इकडच्या बाजूला फक्त प्रवाशांचं छोटं दार ठेवा. मग माझं घर बावीस असो की एकसष्ट, फरक पडणार नाही. पत्र सुवाच्य अक्षरात दोन पानी होतं. मुलीने सांगितल्याप्रमाणे शेवटी 'काहीच न केल्यास' असा मथळाही त्यांनी घातला होता. त्याखाली लिहिलं, 'काहीच न केल्यास गल्ली चालत राहील आणि घर क्रमांक सतरा आहे तसे राहील.' पुढे वर्णन करायचं होतं, पण त्यांच्याने पुढे लिहवलं नाही. पत्र पेटीत टाकताना त्यांना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. हे मान्य झालं की गल्लीला त्यांची गरज उरणार नव्हती.

पाचव्या दिवशी, संध्याकाळी पाचला, दारात शिवणवाली ताई उभी होती. तिने यंत्राकडे बोट दाखवलं, ओठांवर बोट ठेवलं, चपला हातात घेतल्या आणि आत येऊन भिंतीशी बसली. काकांनी भुवया उंचावून कारण विचारलं. ताईने हवेत कप पिण्याची खूण केली. पाचला चहाची सवय लागली होती, तिला घरी एकटीला तो जाईना.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, मग हेडबाई, मग बाकीचे. आवाज करायचा नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. काका चहा कपाच्या कडेवरून असा ओतत की त्याची धारही वाजत नसे. बिस्किटं चहात पूर्ण विरघळवून मगच खाल्ली जात. घोरणाऱ्या आजींना डोळा लागला की शेजारचा त्यांचं नाक चिमटीत धरी. वाद चिठ्ठ्यांवर चाले. मिस्त्रींनी आगाराच्या दारांना कुठलं लाकूड हवं यावर अर्धं पान लिहिलं, ते फिरत फिरत हेडबाईंकडे गेलं आणि लाल शाईचा शेरा घेऊन परत आलं. 'मुद्देसूद लिहा.' मिस्त्रींनी त्याखाली जे लिहिलं ते काकांनी वाचून लगेच फाडून टाकलं. सगळे आवाज न करता हसले आणि हसू आवरताना ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

नवव्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं. सरकारी कचेरीतून इतक्या लवकर उत्तर यावं याचं काकांना नवल वाटलं. साहेबांची बदली झाली होती आणि त्यांना टेबल रिकामं करायचं होतं, हे काकांना माहीत असायचं कारण नव्हतं. पर्याय मान्य. आगार उलट्या दिशेने बांधण्यास मंजुरी. मोजणीची आवश्यकता राहिली नसल्याने यंत्राचे डावीकडील बटण दाबून ते बंद करावे, शनिवारी नेण्यात येईल.

काकांनी बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. पाचला दहा मिनिटं होती आणि स्वयंपाकघरात दहा कप मांडून ठेवलेले होते. काकांनी पत्राकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग सत्यप्रतिज्ञेवर एक शब्द इकडचा तिकडे न करणाऱ्या या माणसाने पत्राची घडी घालून ती तांदळाच्या डब्यात खुपसली आणि विझलेल्या दिव्यावर धुतलेला हातरुमाल टाकला. धूळ बसू नये म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पाचला सगळे आले. ताईने हातरुमालाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. काकांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशीचा चहा त्यांना गोड लागला नाही, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा दहा कप मांडले.

मुलगी रोज फोन करत होती. "बाबा, निकाल आला का?"

"नाही गं अजून," बाप कुजबुजायचा.

पलीकडे ती क्षणभर थांबायची. "बरं. मग उद्या करते परत. बघू उद्या येतो का."

शनिवारी संध्याकाळी मोजणीवाला आला. दार उघडंच होतं. आत यंत्राभोवती दहा माणसं मान खाली घालून, काही न बोलता बसली होती. यंत्राच्या अंगावर पांढरा रुमाल होता. मोजणीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, चपला काढल्या आणि सगळ्यात जवळच्या मिस्त्रींच्या कानाशी वाकला.

"कोण गेलं?"

मिस्त्रींनी ओठांवर बोट ठेवलं. मोजणीवाला आणखी गंभीर झाला. तो काकांशेजारी बसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून पुटपुटला, "फार वाईट झालं."

काकांना हसू आवरेना. आधी ते खांद्यांतून फुटलं, मग नाकातून आणि मग त्यांनी पाच वर्षांचं साचलेलं हसू एकदम सोडून दिलं. बाकीचे दचकून यंत्राकडे बघू लागले.

"अहो, हसा की मोठ्याने," मोजणीवाला वैतागला. "यंत्र मंगळवारीच बंद करायला सांगितलंय. पत्र नाही मिळालं?"

काकांचं हसू थांबलं. चौतीस वर्षं ज्या जागी त्यांनी दुसऱ्यांना उभं राहिलेलं पाहिलं, त्या पिंजऱ्यात आता ते स्वतः उभे होते.

"मिळालं," ते म्हणाले. "तांदळाच्या डब्यात आहे. आगार मंजूर झालंय. मी सांगितलं नाही. सांगितलं तर तुम्ही यायचं बंद कराल, अशी मला भीती वाटली." एवढं सलग ते कुणासमोर कधी बोलले नव्हते. "मला माफ करा."

खोलीत बावीसहूनही कमी आवाज होता. मग हेडबाईंनी चष्मा काढला आणि वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं काकांकडे पाहिलं.

"स्टेनो, मंजुरीची नोटीस जाहीर लावावी लागते, असा कायदाच आहे. मंगळवारपासून शाळेच्या फळ्यावर आहे. मोठ्या अक्षरात."

"वाचली आम्ही," मिस्त्री म्हणाले. "मंगळवारीच."

"वेबसाइटवर पण आहे," मोजणीवाला आपली बाजू सांभाळत म्हणाला. "अख्ख्या जगाला दिसते."

अख्ख्या जगात आपली मुलगीही येते आणि ती ही वेबसाइट रोज बघत असणार, हे काकांच्या आत्ता लक्षात आलं. रोज ती विचारत होती, निकाल आला का.

"मग तुम्ही चार दिवस असे गप्प का बसलात?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आता काय सांगायचं," शिवणवाली ताई म्हणाली. "तुम्ही रुमाल टाकलात, चकार शब्द काढला नाहीत. आम्हाला वाटलं, काकांना माणसं हवीत पण शांतता आवडते. म्हटलं, राहू दे बिचाऱ्यांना. पण खरं सांगू का, माझी जीभ पार गंजली हो!"

आणि ती बोलायला लागली. चार दिवसांचं तुंबलेलं सगळंच तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. मिस्त्रींना त्या चिठ्ठीचा निकाल आत्ताच्या आत्ता लावायचा होता. हेडबाईंना मुद्दे हवे होते. नाक चिमटीत कोण धरत होतं, याची आजी चौकशी करू लागल्या. काका दहा कपांच्या जागी अकरा मांडायला आत गेले आणि तिथूनच ओरडून प्रत्येकाला उत्तर देऊ लागले. मोजणीवाल्याचा मोबाइल वाजत होता, ऑफिसातून नव्या साहेबांचा फोन होता. त्याने एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला फोन दाबून धरला आणि शेवटी तो खोलीकडे वळून कळवळून म्हणाला, "अहो, जरा हळू बोला ना!"

ते कुणाला ऐकूच गेलं नाही.